आर्क्टिक कौन्सिल आणि आसपासच्या सचिवालयांत इंटर्नशिप करायचीय? नवख्यांसाठी सुरुवातीपासून

दर ऑगस्टमध्ये नॉर्वेत नवीन बॅच उतरली की मला ठरलेले मेसेज यायला लागतात. ताई, आर्क्टिक कौन्सिलमध्ये इंटर्नशिप मिळते का, अप्लाय कुठे करायचं, पैसे देतात का, आणि हमखास असतो तो प्रश्न म्हणजे ऑफिसच्या खिडकीतून ऑरोरा दिसतो का. प्रत्येकाला वेगळं टाइप करून कंटाळले म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. मी उत्तर नॉर्वेतल्या ट्रॉम्सोत मास्टर्स करत असताना उत्तरेकडच्या अशाच एका छोट्या सचिवालयात इंटर्न होते आणि नंतरही याच लोकांच्या आसपास वावरतेय, त्यामुळे खालचं बरंचसं आतून बघितलेलं आहे. ऑफिसचं नाव घेणार नाही, त्यावाचून काही अडत नाही.

पायरी १: ही भानगड नक्की काय आहे ते आधी समजून घ्या

आर्क्टिक कौन्सिल म्हणजे बर्फातलं छोटं यूएन असं डोक्यात असेल तर ते आधी काढा. १९ सप्टेंबर १९९६ ला ओटावात आठ देशांनी एक जाहीरनामा सही केला आणि त्यातून हे सुरू झालं. जाहीरनामा, करार नव्हे. त्यामुळे कौन्सिल कायदे करत नाही, कुणाला दंड लावत नाही, आणि लष्करी सुरक्षेचा विषय तर त्या जाहीरनाम्यातच तळटीप टाकून बाहेर ठेवलाय. आठ देश म्हणजे कॅनडा, किंगडम ऑफ डेन्मार्क, फिनलंड, आइसलँड, नॉर्वे, रशिया, स्वीडन आणि अमेरिका. हे आठ जण एकमताने ठरवतात, म्हणजे एकाने मान हलवली नाही की विषय तिथेच थांबतो.

आता यातली खरी वेगळी गोष्ट. या आठ देशांच्या जोडीला त्याच टेबलावर सहा आदिवासी संघटना बसतात, त्यांना पर्मनंट पार्टिसिपंट म्हणतात. इन्युइट सर्कम्पोलर कौन्सिल, सामी कौन्सिल (सामी म्हणजे उत्तर युरोपातले आदिवासी), अल्यूत इंटरनॅशनल असोसिएशन, आर्क्टिक अथाबास्कन कौन्सिल, ग्विचिन कौन्सिल इंटरनॅशनल आणि रशियातली राइपॉन. त्यांना मताधिकार नाही पण प्रत्येक गोष्टीत त्यांचा पूर्ण सल्ला घ्यावाच लागतो, आणि प्रत्यक्ष बैठकीत याचं वजन कागदावर वाटतं त्यापेक्षा जास्त असतं. त्यानंतर येतात निरीक्षक, त्यात तेरा देश आणि बाकी संघटना. भारत २०१३ च्या स्वीडनमधल्या किरुना बैठकीपासून निरीक्षक आहे, चीन, जपान, दक्षिण कोरिया, सिंगापूर आणि इटलीपण त्याच वेळी आले.

खरं काम सहा वर्किंग ग्रुप करतात. प्रदूषण मोजणारा आमाप, प्राणी-वनस्पती बघणारा काफ, समुद्राचा पामे, आपत्कालीन तयारीचा ईपीपीआर, प्रदूषण कमी करण्याच्या प्रोजेक्टचा अकॅप आणि शाश्वत विकासाचा एसडीडब्ल्यूजी. इथले लोक दिवसभर ही लघुरूपंच बोलतात, त्यामुळे ती पाठ नसतील तर पहिल्या मीटिंगमध्ये तुम्हाला सगळे परग्रहावरची भाषा बोलतायत असं वाटणार. आमाप आणि काफ ही नावं तर कौन्सिलपेक्षाही जुन्या व्यवस्थेतली आहेत, १९९१ ला फिनलंडमधल्या रोव्हानिएमीत आर्क्टिक पर्यावरणाची जी रणनीती ठरली त्यातून आलेली.

कौन्सिलचं कायमचं सचिवालय २०१३ पासून ट्रॉम्सोत, फ्राम सेंटरच्या इमारतीत. आमापचं ऑफिसही तिथेच. काफ आणि पामे मात्र आइसलँडमध्ये आकुरेरीला. म्हणजे 'आर्क्टिक कौन्सिलमध्ये इंटर्नशिप' असं म्हणताना नक्की कुठल्या दारावर टकटक करायचीय ते ठरवा, कारण ही दारं वेगवेगळी आहेत आणि एकाला पाठवलेला मेल दुसऱ्याकडे आपोआप जात नाही.

इंटरव्ह्यूत बरीच पोरं एका प्रश्नावर आडवी होतात तो सांगून ठेवते. कौन्सिलने बंधनकारक करार केले का? बरोबर उत्तर असं की कौन्सिलच्या छत्राखाली तीन करारांची बोलणी झाली, शोध आणि बचावाचा २०११ चा, तेलगळतीचा २०१३ चा आणि वैज्ञानिक सहकार्याचा २०१७ चा, पण ते करार आठ देशांनी आपापसात केलेत, कौन्सिलने नाही.

पायरी २: एकाच नावामागे लागू नका

कौन्सिलचं नाव मोठं म्हणून सगळे तिथेच अर्ज टाकतात. उत्तरेकडे अशा प्रादेशिक संस्था आणखी आहेत. कोपनहेगनला नॉर्डिक कौन्सिल (१९५२) आणि नॉर्डिक कौन्सिल ऑफ मिनिस्टर्स (१९७१) यांचं सचिवालय आहे, स्टॉकहोमला बाल्टिक समुद्राभोवतीच्या देशांची कौन्सिल, जी १९९२ ला सुरू झाली, नॉर्वेच्या किर्केनेसला बॅरेंट्स समुद्राकडच्या भागाचं बॅरेंट्स सहकार्य, जे १९९३ ला सुरू झालं आणि ज्यातून रशिया २०२३ मध्ये बाहेर पडला. शिवाय आदिवासी संघटनांची स्वतःची ऑफिसं, नगरपालिका, फिल्के म्हणजे आपल्या जिल्हा परिषदेसारखी पातळी, आणि युनिव्हर्सिटीतले प्रोजेक्ट.

भाषा बघून घ्या. आर्क्टिक कौन्सिलची कामाची भाषा इंग्रजी आहे, बाल्टिकवाल्यांचीही इंग्रजी. नॉर्डिक कौन्सिलच्या बाजूला मात्र डॅनिश, नॉर्वेजियन किंवा स्वीडिश येत नसेल तर बहुतेक कामं तुमच्यासाठी नाहीतच, उगाच कव्हर लेटर लिहीत बसू नका.

आणि जाहिरात उघडल्यावर पहिली नजर नागरिकत्वाच्या ओळीवर. या सरकारांच्या संस्था आहेत, काही जागा फक्त सदस्य देशांच्या नागरिकांसाठी असतात, काही फक्त आदिवासी तरुणांसाठी, काही कुठल्याही विद्यार्थ्याला खुल्या पण तुमचं नाव कुठल्यातरी युनिव्हर्सिटीत लागलेलं असलंच पाहिजे. ही ओळ न वाचता आठवडाभर खपून अर्ज करणारे आपले लोक बघितलेत, नंतर चिडचिड करतात. जिथे भारतीय पासपोर्टवर थेट दार बंद असतं तिथे युनिव्हर्सिटीचं दार उघडं असू शकतं. ट्रॉम्सोच्या युनिव्हर्सिटीत, म्हणजे यूआयटीत, इंडिजिनस स्टडीज आणि पीस स्टडीजसारखे मास्टर्स इंग्रजीत आहेत, तिथल्या प्राध्यापकांच्या ओळखी या सगळ्या ऑफिसांत असतात, आणि छोट्या गावात ओळख म्हणजे वशिला नाही, फक्त तुमचा मेल उघडला जाईल याची खात्री.

घरी बसून तयारी करायची असेल तर गोव्याकडे बघा. वास्को द गामाला एनसीपीओआर आहे, राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र, भारताचं आर्क्टिकचं काम तिथूनच चालतं. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर नी-ओलेसुंडमध्ये २००८ पासून आपलं हिमाद्री स्टेशन आहे, २०१४ मध्ये तिथल्या कोंग्सफ्योर्डमध्ये इंडआर्क नावाची समुद्राखालची वेधशाळा सोडली, आणि मार्च २०२२ मध्ये केंद्र सरकारचं आर्क्टिक धोरण आलं, सहा खांबांचं. पुण्या-मुंबईच्या भूगोल, समुद्रशास्त्र किंवा राज्यशास्त्राच्या पोराने हे धोरण वाचलेलं असलं आणि त्यात काय नाहीये हेही सांगता आलं तर समोरचा खुर्चीत जरा पुढे सरकून ऐकतो.

पायरी ३: परमिट आणि पैसा, स्वप्नांच्या आधी

कंटाळवाणं आहे पण हेच सगळ्यात जास्त लोकांना अडवतं.

टुरिस्ट व्हिसावर येऊन इंटर्नशिप करायचा विचार डोक्यातून काढा, बिनपगारी असली तरी. नॉर्वेत स्टुडंट परमिटवर असाल तर आठवड्याला २० तास काम करता येतं आणि सुट्टीत पूर्णवेळ. इंटर्नशिप तुमच्या कोर्सचाच भाग असेल, क्रेडिट मिळत असतील, तर गोष्ट वेगळी, आणि कोर्सबाहेरची असेल तर वेगळी. म्हणून होकार द्यायच्या आधी युनिव्हर्सिटीच्या इंटरनॅशनल ऑफिसकडून 'ही कोर्सचा भाग आहे' असं लेखी घ्या आणि काही शंका असेल तर थेट यूडीआयला, म्हणजे नॉर्वेच्या इमिग्रेशन खात्याला विचारा, व्हॉट्सअॅप ग्रुपवरच्या दादाला नाही.

युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना नॉर्वेत २०२३ च्या शरद सेमिस्टरपासून फी लागते, पूर्वी सरकारी युनिव्हर्सिट्या फुकट होत्या, त्यामुळे जुने लेख वाचून बजेट करू नका. शिवाय परमिटसाठी वर्षाचा राहण्याचा खर्च दाखवावा लागतो, तो दीड लाख नॉर्वेजियन क्रोनरच्या वर आहे आणि दर वर्षी आकडा बदलतो.

या क्षेत्रातल्या बऱ्याच इंटर्नशिप बिनपगारी किंवा नावापुरत्या स्टायपेंडच्या असतात. पैसे विचारायला लाजू नका, नॉर्वेजियन लोकांना सरळ प्रश्नाचं काही वाटत नाही. एका ओळीत विचारा, स्टायपेंड आहे का, घर शोधायला मदत आहे का, बैठकीसाठी प्रवास करावा लागला तर खर्च कोण करतं. ट्रॉम्सोत खोली मिळणं सगळ्यात अवघड, हिवाळ्यात टुरिस्टांमुळे तर अजूनच. स्टुडंट हाउसिंगचा अर्ज अॅडमिशन मिळाल्याच्या दिवशी टाकायचा, इंटर्नशिप कन्फर्म होईपर्यंत थांबायचं नाही.

आल्यावर पोलिसांकडे अपॉइंटमेंट, रेसिडेन्स कार्ड, मग टॅक्स ऑफिसकडे नोंद, मग नॅशनल आयडी नंबर, मग बँक, मग बँकआयडी, म्हणजे बँकेकडून मिळणारी ऑनलाइन ओळख. ही साखळी याच क्रमाने जाते, मधली कडी तुटली की पुढचं सगळं लटकतं, आणि बँकआयडी नसेल तर इथे साधे पैसेसुद्धा मित्राला पाठवता येत नाहीत. तोपर्यंत चालेल असं भारतातलं इंटरनॅशनल कार्ड जवळ ठेवा.

पायरी ४: अर्ज

कव्हर लेटर एक पान. 'लहानपणापासून मला बर्फाचं आकर्षण' हे वाक्य आलं की वाचणारा पुढच्या अर्जाकडे जातो. त्याऐवजी हे करा. कौन्सिलचं एक खुलं डिजिटल आर्काइव्ह आहे, जुन्या बैठकांचे कागद, अहवाल, जाहीरनामे सगळे फुकट वाचता येतात. तुम्हाला ज्या वर्किंग ग्रुपमध्ये रस आहे त्याचे शेवटच्या दोन-तीन बैठकांचे कागद काढा, चालू असलेला एखादा प्रोजेक्ट निवडा आणि त्यात तुमचं कुठलं कौशल्य लागू पडेल ते तीन वाक्यांत लिहा. नकाशे करता येतात, आर किंवा पायथॉनमध्ये डेटा साफ करता येतो, रशियन वाचता येतं, इन्फोग्राफिक बनवता येतो, मिनिट्स म्हणजे बैठकीचं इतिवृत्त झटपट लिहिता येतं. छोट्या ऑफिसला अशीच माणसं लागतात. दहा-पंधरा जणांच्या ऑफिसात वेबसाइटपासून विमान तिकिटांपर्यंत सगळं त्यांनाच बघायचं असतं, त्यांना तत्त्वज्ञ नकोय.

सीव्हीमध्ये आपल्याकडचं काम लपवू नका. कुणी गडचिरोलीत वनहक्कावर काम केलंय, कुणी मेळघाटात सर्व्हे केलाय, कुणी कोकणात मच्छीमार सोसायट्यांशी बोललंय. ग्रामसभेने ठराव करणं, बाहेरच्या कंपनीने येऊन विचारणं किंवा न विचारणं, हे सगळे प्रश्न इथेही तसेच आहेत, फक्त जंगलाच्या जागी रेनडिअरची कुरणं. पण 'आमच्या आदिवासींसारखेच तुमचे' असं एका फटक्यात लिहू नका. काय सारखं आणि काय अजिबात नाही हे दोन्ही लिहिता आलं तरच लिहा.

वेळेचं एक बघा. जुलैत नॉर्वे बंद असतो. खरंच बंद. सगळे एकदम तीन-चार आठवडे सुट्टीवर, केबिनमध्ये, मेलला ऑटो-रिप्लाय. ईस्टरच्या आठवड्यातही तेच. जानेवारीच्या शेवटी ट्रॉम्सोत आर्क्टिक फ्रंटियर्स कॉन्फरन्स असते तेव्हा ही सगळी माणसं एकाच हॉलमध्ये सापडतात पण त्या आठवड्यात ऑफिसला मेल करून उत्तराची वाट बघू नका. ऑक्टोबरात रेक्याविकला आर्क्टिक सर्कल असतं, तेव्हाही तीच गत. सगळ्यात बरा काळ सप्टेंबर किंवा फेब्रुवारीचा मध्य. विद्यार्थी स्वयंसेवक म्हणून कॉन्फरन्सला काम करता आलं तर ते आधी करा, बॅज वाटता वाटता जेवढ्या ओळखी होतात तेवढ्या लिंक्डइनवर वर्षभरात होत नाहीत.

इंटरव्ह्यू साधा असतो, पहिल्या नावाने हाक मारतात, सर-मॅडम नको. माहीत नाही तर माहीत नाही म्हणा. वेळ नॉर्वेची आहे हे लक्षात ठेवा, उन्हाळ्यात आपण साडेतीन तास पुढे, हिवाळ्यात साडेचार.

पायरी ५: आत गेल्यावर नक्की काय करायचं

इथे मला जरा लांब बोलायचंय कारण हे कुठे लिहिलेलं सापडत नाही.

पोरं धोरण लिहायला येतात आणि पहिल्या आठवड्यात त्यांच्या हातात मिनिट्स आणि एक्सेल पडतं. नाराज होऊ नका, अशा संस्थेचं सगळं वजन त्या कागदांतच असतं. आठ देश एकमताने चालतात म्हणजे कागदावरची प्रत्येक ओळ आठ राजधान्यांत कुणीतरी वाचणार आहे, आणि ती वाचताना कुणाला खुपलं नाही तरच ती पुढे जाते. इंटर्नने चमकायचं नसतं, कागद बिनचूक ठेवायचा असतो, आणि माझं स्पष्ट मत आहे की ज्याला हे कमीपणाचं वाटतं त्याने या क्षेत्रात येऊच नये.

उदाहरण घ्या. बैठकीत एक बाई बोलतात, त्यांच्यापुढे डेन्मार्कचा झेंडा आहे, तुम्ही लिहिता 'डेन्मार्कने मांडलं की'. सुपरवायझर ते खोडणार. ती खुर्ची किंगडम ऑफ डेन्मार्कची आहे, त्यात डेन्मार्क, ग्रीनलँड आणि फॅरो बेटं तिघे येतात आणि बोलणाऱ्या बाई ग्रीनलँडच्या राजधानीतल्या, नूकच्या असू शकतात. ग्रीनलँडच्या माणसाचं बोलणं 'डेन्मार्क म्हणालं' म्हणून नोंदवलं तर त्या दिवशी दुपारच्या आत फोन येतो. तसंच 'रशिया' नाही, 'रशियन फेडरेशन'. पर्मनंट पार्टिसिपंटना निरीक्षकांच्या यादीत टाकायचं नाही आणि एनजीओ तर चुकूनही म्हणायचं नाही. देशांची यादी इंग्रजी अकारविल्हे, आणि किंगडम ऑफ डेन्मार्क तिथे 'के'खाली न जाता 'डी'च्या जागी येतं. एक छोटी चिठ्ठी करून मॉनिटरला चिकटवा, सगळे करतात.

दुसरं काम म्हणजे कॉमेंटचा तक्ता. अहवालाचा मसुदा सगळ्यांना जातो आणि प्रत्येकाकडून सूचना येतात, त्या एका एक्सेलमध्ये लावायच्या: पान, ओळ, मूळ वाक्य, सुचवलेलं वाक्य, कुणी सुचवलं, लेखकांचं उत्तर. ऐकायला सोपं आहे. पण समजा एका देशाने लिहिलंय 'शिफारस करते'च्या जागी 'दखल घेते' करा, आणि दुसऱ्याने त्याच ओळीवर 'शिफारस करते' तसंच ठेवा असं लिहिलंय, तर दोन्ही ओळी वेगळ्या, जशाच्या तशा, शुद्धलेखनाच्या चुकांसकट. दोन देशांनी शब्दशः सारखी सूचना दिली तरी एक करायची नाही, कारण उद्या त्यातला एक जण माघार घेईल आणि दुसरा घेणार नाही. तुम्हाला कुठली सूचना पटते हे विचारलेलं नाही. फाइलच्या नावात तारीख आणि व्हर्जन, 'फायनल' हा शब्द फाइलच्या नावात टाकणाऱ्याला इथे कुणी गंभीरपणे घेत नाही.

तिसरं, डेडलाइन. अशा संस्थांत बरेच निर्णय मेलवर होतात, अमुक तारखेपर्यंत हरकत आली नाही तर मंजूर समजू. मग 'शुक्रवारपर्यंत' म्हणजे कुठला शुक्रवार? ट्रॉम्सोत शुक्रवारची रात्र होते तेव्हा अँकरेजला दुपार असते, दहा तासांचा फरक आहे, आणि रशियाचं पूर्व टोक तर तोवर शनिवारी पोचलेलं असतं. म्हणून तारीख, वेळ आणि कुठल्या गावची वेळ हे तिन्ही लिहायचं. मसुदा मेल सुपरवायझरला दाखवल्याशिवाय मोठ्या यादीला जाऊ द्यायचा नाही आणि 'रिप्लाय ऑल' दाबायच्या आधी हात मागे घ्यायचा.

बैठकीत तुमची जागा भिंतीकडची. भारताचे निरीक्षक आले तर बोला, मराठी माणूस निघाला तर कॉफी प्या, मस्तपैकी गप्पा मारा. पण तुम्ही सचिवालयाच्या बाजूने बसलायत, आतल्या चर्चेतलं काही त्यांच्यापुढे निघता कामा नये, आणि भारताच्या वतीनेही तुम्ही काही बोलत नाही. दोन्ही बाजूंना हे माहीत असतं, फक्त तुम्ही विसरू नका.

पायरी ६: सामी आणि बाकी आदिवासी संघटनांशी वागताना

जुनी पुस्तकं वाचून सामींना 'लॅप' किंवा इन्युइटांना 'एस्किमो' म्हणू नका, दोन्ही अपमानकारक मानले जातात. सामी पोशाखाला गाक्ती म्हणतात, त्याच्या नक्षीवरून माणूस कुठल्या भागातला ते कळतं, ती फॅन्सी ड्रेसची गोष्ट नाही, फोटो काढायचा तर आधी विचारा. ६ फेब्रुवारी हा सामी राष्ट्रीय दिवस, त्या आठवड्यात ट्रॉम्सोच्या मुख्य रस्त्यावर रेनडिअरच्या शर्यती होतात, जरूर बघा.

मागचा इतिहास वाचून या. नॉर्वेने कित्येक पिढ्या सामी आणि क्वेन (फिनिश मुळाचे अल्पसंख्याक) मुलांना शाळेत स्वतःची भाषा बोलू दिली नाही, त्याची चौकशी करणाऱ्या सत्य आणि समेट आयोगाचा अहवाल १ जून २०२३ ला संसदेला दिला गेला. त्यामुळे एखाद्या संघटनेला थिसिससाठी 'पाच जणांची मुलाखत द्या' असा मेल आला आणि उत्तर नाही आलं तर तो उद्धटपणा नाही. या संघटनांत मोजकी माणसं, आणि जगभरातले संशोधक त्यांच्या दारात उभे. आधी त्यांच्या कामाला काहीतरी हातभार लावा, नोट्स काढून द्या, बैठकीची तयारी करा, मग विचारा, आणि नाही म्हणाले तर नाही.

पायरी ७: राजकारणाच्या बाबतीत तोंड सांभाळून

रशियाच्या युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर ३ मार्च २०२२ ला बाकी सात देशांनी कौन्सिलच्या बैठका थांबवल्या, तेव्हा अध्यक्षपद रशियाकडे होतं. जूनमध्ये रशिया नसलेले प्रोजेक्ट हळूहळू सुरू झाले. मे २०२३ ला अध्यक्षपद नॉर्वेकडे आलं, मग लेखी पद्धतीने काम सुरू झालं, २०२४ मध्ये वर्किंग ग्रुपच्या ऑनलाइन बैठका, आणि मे २०२५ ला अध्यक्षपद किंगडम ऑफ डेन्मार्ककडे, २०२७ पर्यंत. ग्रीनलँडवरून बातम्यांत जो गोंधळ चालतो तो तुम्ही वाचताच.

एवढ्या सगळ्यात ही गाडी बंद पडली नाही याचं कारण खाली काम करणारे लोक भांडण कागदाबाहेर ठेवतात. इंटर्न म्हणून तुम्ही इन्स्टावर बैठकीतला फोटो टाकून खाली दोन ओळी ठोकल्यात तर तो फोटो कुठल्या राजधानीत कोण बघेल सांगता येत नाही. मत असू द्या, थिसिसमध्ये लिहा, ऑफिसच्या बॅजसकट पोस्ट करू नका. रशियन सहकाऱ्याला किंवा वर्गमित्राला जेवणाच्या टेबलावर युद्धाबद्दल उलटतपासणी करू नका, त्याला आधीच पुरेसं आहे.

पायरी ८: अंधार, बर्फ आणि डबा

ट्रॉम्सो ६९ अंश उत्तरेला, आर्क्टिक वर्तुळाच्याही वर. नोव्हेंबरच्या शेवटापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवत नाही. काळाकुट्ट अंधार नसतो, दुपारी दोन-तीन तास निळसर उजेड येतो, त्या वेळात बाहेर पडायचंच, मीटिंग असेल तर मीटिंगनंतर लगेच. व्हिटॅमिन डी सुरू ठेवा, इथली मंडळी कॉड लिव्हर ऑइल पितात, तुम्ही शाकाहारी असाल तर गोळ्या. २१ जानेवारीला सूर्य परतल्याचा दिवस पाळतात, ऑफिसात त्या दिवशी गोड पाव येतात. मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत उलटं, सूर्य मावळतच नाही, तेव्हा खिडकीला जाड पडदा लागतो नाहीतर रात्री दोनला भांडी घासत बसाल.

थंडीला सगळे घाबरतात पण समुद्राच्या कोमट प्रवाहामुळे ट्रॉम्सोचा जानेवारी सरासरी उणे तीन-चारच्याच आसपास असतो. खरा त्रास घसरण्याचा आहे. बर्फ वितळतो, पाऊस पडतो, पुन्हा गोठतो आणि चढाचे रस्ते काच होतात. बुटाला लावायचे खिळे, ब्रॉडर म्हणतात, पहिल्याच आठवड्यात घ्या, आणि जॅकेटला रिफ्लेक्टर लटकवा. आतून लोकरीचे कपडे, सुती बनियन घाम धरतो. ऑफिसात बाहेरचे बूट काढतात, आतले वेगळे ठेवा.

जेवण अकरा-साडेअकराला. हो, अकरा. घरून आणलेले पावाचे तुकडे, वर चीज, तपकिरी गोडसर ब्रुनोस्तपण, दहा-वीस मिनिटांत उरकतात. तुम्ही पोळी-भाजी न्या, कुणी काही म्हणत नाही, फक्त मायक्रोवेव्हमध्ये सुकट गरम करू नका एवढी विनंती. डाळ-तांदूळ, मसाले एशियन दुकानांत मिळतात, गोडा मसाला आणि कुळीथ पीठ घरूनच आणा. जेवायला टेबलावर या, एकटे स्क्रीनसमोर जेवू नका, कारण पुढची नोकरी कुठे निघतेय हे त्या टेबलावरच कळतं. चार वाजता सगळे जातात, तुम्हीही जा, उशिरापर्यंत बसलात तर कुणी कौतुक करणार नाही, उलट काम जमत नाहीये का विचारतील.

पायरी ९: निघायच्या आधी

शेवटचा महिना लागला की तीन गोष्टी सुपरवायझरकडून लेखी घ्या. एक, काय काय काम केलं त्याचं पत्र, नुसतं 'इंटर्न होती' नाही तर प्रोजेक्टच्या नावांसह. दोन, अहवालात तुमचं नाव आभारात येणार का, कारण अहवाल छापून येईपर्यंत तुम्ही गेलेले असता आणि मग कुणी लक्षात ठेवत नाही. तीन, थिसिसमध्ये काय वापरता येईल. जे खुल्या आर्काइव्हमध्ये आहे ते बिनधास्त वापरा, मसुदे, मेल आणि बंद खोलीतल्या नोट्स नाही, आणि मधलं काही असेल तर विचारून.

तुमच्या जागी येणाऱ्यासाठी एक पानाची नोट ठेवा: फाइल कुठे, कुणाला कधी मेल करायचा, कुठला तक्ता अर्धवट आहे.

आणि मास्टर्स संपत आलं असेल तर नोकरी शोधायला नॉर्वे एक वर्षापर्यंतचं परमिट देतं, त्यालाही खर्चाचे पैसे दाखवावे लागतात आणि अर्ज स्टुडंट परमिट संपायच्या आत करावा लागतो. परमिट जुलै-ऑगस्टात संपत असेल तर अर्ज आणि पोलिसांची अपॉइंटमेंट मे-जूनमध्येच उरकून घ्या.